पलीकडचं टिंब

साबळे सर कॉम्प्युटर बंद करताना 'येतो' म्हणायचे. घरातून बाहेर पडताना आपण म्हणतो ना, तसंच. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल इतपत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मला म्हणतायत. मी आपली "या सर" म्हणून मोकळी झाले. ते माझ्याकडे असे बघायला लागले, की दोघांच्या बोलण्यात ही तिसरी कशाला आली!

कोल्हारच्या पुढं, नगर-मनमाड रस्त्याला लागून आमचं कॉलेज. आता पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, पण आमच्या एसटीचा कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. मी तिथं फिजिक्स शिकवायचे आणि साबळे सर कॉम्प्युटर लॅबचे इनचार्ज होते. माझ्या डिपार्टमेंटला पंखा होता, तोही फिरला तर. एसी फक्त त्यांच्या लॅबला. तो यंत्रांसाठी होता, माणसांसाठी नव्हे, हे प्राचार्यांनी मला स्वच्छ सांगितलेलं. मी तरी पेपर तपासायचा गठ्ठा घेऊन तिथंच जाऊन बसायचे. फटकळ बाई म्हणून माझी ख्याती असल्यामुळे कोणी उठ म्हणायला येत नसे.

सर उंच आणि जरा वाकलेले. पांढरा हाफ शर्ट, चपला लॅबच्या बाहेर. बोटं अशी रुंद, की एका बोटाखाली दोन बटणं दबतील असं वाटायचं. टाइप मात्र त्याच दोन बोटांनी करायचे आणि एक अक्षर चुकायचं नाही. ओळ पूर्ण झाली की एंटर दाबून हात असा चटकन वर घ्यायचे, तव्यावरची भाकरी उलटल्यावर घेतात तसा. माउसचं आणि त्यांचं वाकडं होतं. त्यांच्या टेबलावरचा माउस वायरीनं खिळ्याला टांगलेला असे. रंगीत पडदा, चित्रं, खिडक्या यातलं त्यांना काही लागायचं नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बास. इंटरनेट बंद पडलं की आपण म्हणतो 'नेट गेलं'. सर म्हणायचे, "पलीकडं कोन बोलंना."

रोज सकाळी आल्या आल्या ते त्या काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ टाइप करायचे. मी एकदा म्हणाले, "अहो, ही साठवून ठेवा की. एका बटणात काम होईल."

"मग काय मजा? घरी जायचं तर रस्ता चालावाच लागतो की."

"म्हणजे ही ओळ घरी जाते?"

"व्हय," ते म्हणाले. "घरीच जाती."

मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं. आमच्या कॉलेजातून बाहेरच्या जगात जायला एकच दार होतं, प्रॉक्सी सर्व्हर. जे काही मागायचं ते त्याच्याकडे मागायचं, तो बाहेरून आणून देणार. वेबसाइट मागितली तर देणार, बाकी काही मागितलं की नाही म्हणणार. घरच्या मशीनपर्यंत सरळ तार जोडू देणार नाही. मी म्हणाले, "मग तुमची ओळ जाते कशी?"

सर शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे बोट केलं. उसाचे ट्रॅक्टर चालले होते.

"समजा त्या अंगाला तुमचं वावर हाय आन ह्या अंगाला हीर. मधी हायवे. रस्ता फोडू देतील का? न्हाई देनार. पर रस्त्याखालून सरकारी नळा गेल्याला असतो, पावसाच्या पान्यासाठी. आपला बारका पाइप त्या नळ्यातनं सरकवायचा. वरून जानाऱ्याला नुसता नळा दिसतो. आतनं आपलं पानी चाललंय. ह्याला टनेल म्हनत्यात."

"म्हणजे चोरून."

"चोरून कशाला? इचारून केलंय. प्राचार्यांना म्हनलं, माझं घर आजारी हाय. ते म्हनले, करा."

'माझं घर' म्हणजे बायको. नाव घ्यायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. घरात 'अगं' आणि बाहेर 'आमचं घर' किंवा 'मंडळी'. लग्नात उखाण्यात नाव घेतलं असेल तेवढंच. एका पोरानं ही पाइपची युक्ती त्यांच्याकडून शिकून लॅबमध्ये क्रिकेटची मॅच लावली होती. सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "पाइप कशासाठी टाकत्यात रं?" पोरगं म्हणालं, "पाण्यासाठी." सर म्हणाले, "मग गटार कशाला सोडलं?" मी हसले, पण ते हसत नव्हते. त्या नळ्यातून जे जात होतं ते त्यांना फार जपायचं होतं, हे मला नंतर कळलं.

त्यांच्या बायकोला, इंदूवहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, बोलता मात्र काही येत नसे. मुलगी लग्न होऊन श्रीगोंद्याला. शेजारची पुष्पा, म्हणजे चुलतभावाची सून, दुपारी येऊन जेवू घालायची. सकाळपासून दुपारपर्यंत घरात वहिनी एकट्या. सरांचा जीव कॉलेजात राहायचा नाही. फोन केला तर उचलून बोलणार कोण? सरांनी कॅमेरा बसवला. दुसऱ्या दिवशी लॅबमधून उघडून बघतात तर सगळं हिरवं. वहिनींनी डाव्या हातानं ओढून त्यावर पदर टाकलेला. तोंड वाकडं झालेलं कोणी पाहू नये, नवऱ्यानंसुद्धा. सरांनी कॅमेरा काढून टाकला, पुन्हा विषय काढला नाही.

मग त्यांनी हे केलं. घरातला जुना कॉम्प्युटर वहिनींच्या कॉटशेजारी आणला. स्पीकर लावला. सर लॅबमध्ये बसून त्या पाइपातून एक ओळ लिहिणार, ती तिकडे मशीन मोठ्यानं वाचून दाखवणार. वहिनींच्या डाव्या हाताखाली कीबोर्ड. त्यांनी लांब बटण दाबलं की सरांच्या काळ्या पडद्यावर एक टिंब उमटणार. एक टिंब म्हणजे हो, दोन टिंबं म्हणजे नाही.

मी एकदा मुद्दाम घरी गेले बघायला. कोल्हारला प्रवरेच्या पुलाकडून आत वळलं की त्यांची वस्ती. मी वहिनींशेजारी बसले होते आणि सर तिकडे कॉलेजात. एकाएकी स्पीकरमधून एक परदेशी बाई बोलली, "इंडू, चा घेटला का?" अहो, मी खुर्चीतून उडालेच! मशीनला मराठी येत नव्हती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते आपल्या जिभेनं वाचायचं. 'अगं' तर त्याला काही केल्या जमत नव्हतं, काहीतरी घशात अडकल्यासारखा आवाज यायचा. म्हणून नाइलाजानं सरांनी नाव घालायला सुरुवात केली. सगळा संसार होत आल्यावर नवरा पहिल्यांदा नावानं हाक मारतोय, आणि तीही गोऱ्या बाईच्या तोंडून. वहिनी अर्ध्या चेहऱ्यानं इतक्या गोड हसल्या, की मला तोंड फिरवावं लागलं. त्यांनी बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बोलता येत असतं तर 'बघितलंत का आमचं' म्हणाल्या असत्या.

सर लॅबमध्ये मला प्रत्येक टिंबाचा अर्थ सांगायचे. "हे बघा, हे नाराजीनं दाबलंय." मी म्हणायचे, "अहो, टिंबाला काय नाक-डोळे असतात? काहीतरी सांगता." ते म्हणायचे, "तिचं जरा उशिरानं येतं. इचार करून दाबती. पयल्यापासून तशीच हाय, दुकानात साडी घ्यायला नेली तर दुकानदार घाम पुसायचा." एकदा रात्रीची भाजी सरांच्या हातून खारट झाली होती. ती सकाळी त्यांना आठवली आणि त्यांनी विचारलं, "भाजी खारट होती का?" त्यावर पडदा टिंबांनी भरत गेला, ओळीमागून ओळ. सर खुर्चीत मागे रेलून हसत होते. "थांब की, थांब, माझी आई," असं पडद्याला म्हणत होते. त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग संस्थेच्या मुख्य ऑफिसनं प्रॉक्सी बदलला. नव्या प्रॉक्सीला गप्प बसलेली माणसं चालायची नाहीत. जोडणीतून थोडा वेळ काही आलं-गेलं नाही की तो समजायचा, यांचं बोलणं संपलं, आणि तोडून टाकायचा. सर वर्ग घेऊन परत यायचे तोवर पाइप तुटलेला. तिकडे वहिनी बटण दाबतायत, दाबतायत आणि इकडे काहीच पोचत नाही. एकदा तर त्यांनी घाबरून कीबोर्ड खाली पाडला. सरांनी ऑफिसला फोन केला. तिथला साहेब म्हणाला, "पॉलिसी आहे, एकट्यासाठी बदलता येणार नाही." मी म्हणाले, मला द्या फोन, बघतेच मी त्याच्या पॉलिसीकडे. सरांनी दिला नाही.

"पाइपात हवा धरती मॅडम," ते म्हणाले. "धार बारकी का व्हईना, चालू पायजे."

प्रॅक्टिकलच्या परीक्षेचा दिवस होता. सर सकाळी आले ते खुशीतच. म्हणाले, "केलं काम. निघता निघता घरच्या मशीनलाच सांगून आलो, गप बसू नगंस. लई वेळ शांत गेला तर आपनच एक टिंब टाकत जा. आता बघू कसा तोडतोय."

मी गठ्ठ्यातून मान वर केली. "सर, मग वहिनींचं टिंब कुठलं आणि मशीनचं कुठलं?"

"घाईत तेच चिन्ह घातलं खरं. एसटी चुकली असती. उद्या बदलतो. पर मला कळतं की. तिचं उशिरानं येतं."

आणि माझ्यासमोर त्यांनी ओळ लिहिली. 'इंदू, बरी आहेस ना?' एंटर दाबून हात वर घेतला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. काही नाही. काही नाही. आणि मग, जरा उशिरानं, टिंब.

"बघा," सर म्हणाले. "तिचंच. उशीर बघा."

बाहेरून आलेले परीक्षक दारातूनच ओरडले, "साबळे, चहा पाजणार आहात की नाही?" आम्ही तिघं कॅन्टीनला गेलो. चहा झाला, वडापाव झाला. सरांनी खारट भाजीची गोष्ट सांगितली आणि परीक्षक पोट धरून हसले. परत आलो तर पडद्यावर आणखी टिंबं होती. "करमत न्हाई तिला," सर म्हणाले आणि परीक्षेच्या कामाला लागले. मुलं येत होती, तोंडी परीक्षा चालली होती. मधून मधून सर पडद्याकडे बघायचे, टिंब दिसलं की मान हलवायचे.

दुपारी पुष्पाचा फोन आला. सर उभे राहून बोलत होते, मी समोरच होते. पुष्पाचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"सर, काकी उठंनात हो."

"उठंल गं. जागी हाय ती. आत्ता बोलली माझ्यासंगं."

"न्हाई हो सर! अंग गार पडलंय. लई गार हाय हो."

आणि पडद्यावर टिंब उमटलं.

"थांब, थांब," सर म्हणाले. "आगं, हे बघ की! हे बघ!" आणि त्यांनी फोन कानावरून काढून पडद्यासमोर धरला, जणू काही पुष्पाला तिकडून ते टिंब दिसणार होतं. फोनमधून पुष्पाच्या रडण्याचा आवाज येत होता. मुलं उत्तरं द्यायची थांबली. सर तसेच फोन धरून उभे, पुढच्या टिंबाची वाट बघत. शेवटी मीच त्यांच्या हातातून फोन घेतला.

ते गेले. चपला घालायचं विसरले, 'येतो' म्हणायचंही विसरले. कॉम्प्युटर चालूच राहिला. परीक्षा सोडता येईना, म्हणून मी तिथंच होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती टिंबं येत राहिली. मी शिकलेली बाई आहे, फिजिक्स शिकवते, ती कुठून येतायत हे मला ठाऊक होतं. तरी बंद करायची हिंमत झाली नाही. शेवटी मी पर्समधला रुमाल काढून पडद्यावर टाकला. संध्याकाळी कोल्हारची लाइट गेली असावी. रुमाल उचलून पाहिलं तेव्हा टिंबं थांबली होती.

डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेल्या असाव्यात. म्हणजे नक्की केव्हा? ते काही त्यांना सांगता आलं नाही.

तेरावं करून सर कॉलेजात आले. टक्कल केलेलं, शर्ट तोच. आल्या आल्या काळा पडदा उघडला आणि ती लांबलचक ओळ टाइप केली. घर पलीकडे लागलं. मशीन टाकत होतं ती टिंबं त्यांनी बंद केली होती. 'इंदू, बरी आहेस ना?' असं लिहून ते बसले. गप्प बसलेली जोडणी प्रॉक्सीनं तोडली. त्यांनी ओळ पुन्हा टाइप केली, पुन्हा जोडलं, पुन्हा विचारलं. दिवसभर हेच. दुसऱ्या दिवशी हेच. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, साबळ्यांचं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुझी बायको गेल्यावर तू दुसऱ्या दिवशी मोबाइलवर गेम खेळत बसशील, ते शहाणपण का?" मग माझ्यासमोर कोणी बोललं नाही. पण मलाही आत कुठंतरी भीती वाटायची. त्या रिकाम्या घरात, बंद दाराआड, ती गोरी बाई दिवसभर विचारत असेल, 'इंडू, बरी आहेस ना?' पुष्पा म्हणायची, वस्तीवरच्या बायका त्या घराजवळून जाताना पोरांचे कान झाकतात.

एकदा न राहवून मी म्हणाले, "सर, कोणाला विचारताय?"

"इचारलं न्हाई तर चुकल्यासारखं वाटतं."

मग म्हणाले, "मॅडम, तुमी फिजिक्सवाल्या. एक सांगा मला. त्या दिवशीचं पयलं टिंब. तुमी हुता हितं. उशिरानं आलं, का न्हाई? ते तिचं असंल का?"

"असेल."

"असंल म्हंजे?"

"सर, मला माहीत नाही."

"मशीनच्या वेळा जुळवून बघितल्या," ते म्हणाले. "दोन्हीकडनं जुळतंय. तिचं असंल तर ती माझ्यासंगं बोलून गेली. नसंल तर मी भिताडासंगं बोललो आन चहाला गेलो. वडापाव खाल्ला मी, मॅडम."

मला रडू आलं. मी उठून खिडकीशी गेले. खाली उसाचे ट्रॅक्टर चालले होते आणि ड्रायव्हरनं लावलेली गाणी इतकी मोठ्यानं वाजत होती, की लॅबच्या काचा थरथरत होत्या.

त्यानंतर तो प्रश्न त्यांनी मला किती वेळा, किती तऱ्हांनी विचारला! कधी बसस्टॉपवर, कधी मीटिंगमध्ये कानाशी येऊन. "उशीर तर हुता ना?" एवढंच. मी "होता" म्हणायचे. तेवढ्यावर त्यांचा एक दिवस निघायचा. तो उशीर हाच त्यांना धरायला उरला होता. तिचं टिंब उशिरानं येतं, हे त्यांना छातीठोक ठाऊक होतं, दुसरं कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं सगळं झालं. प्राचार्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. सर शाल खांद्यावर तशीच ठेवून लॅबमध्ये आले, मी मागून आले. त्यांनी ओळ टाइप केली, घर जोडलं आणि विचारलं. आम्ही दोघं बसलो. थोड्या वेळानं प्रॉक्सीनं जोडणी तोडली. मला वाटलं, आता पुन्हा जोडतील. त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

"आज फोन तिनंच ठेवला," ते म्हणाले.

खिळ्यावरचा माउस काढून त्यांनी टेबलावर नीट ठेवला आणि कॉम्प्युटर बंद केला. 'येतो' म्हणतायत का म्हणून मी कान देऊन उभी होते. म्हणाले नाहीत.

पुढं बरेच दिवस काही कळलं नाही. मग पुष्पाचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, तुमी येऊन जा. सर काकींच्या खाटंवर बसून असत्यात. आमाला भ्या वाटतं." मी रविवारी सकाळी गेले.

दार उघडंच होतं. सर वहिनींच्या कॉटवर, वहिनींच्या जागी, पाठीशी तीच उशी घेऊन बसलेले. उजवा हात अंगाशी आवळून घेतलेला, डावा कीबोर्डवर. शेजारी तो जुना कॉम्प्युटर. मला बघून म्हणाले, "बसा. बोलू नका, येईल आता."

"कोण येईल?"

तेवढ्यात स्पीकर बोलला, "इंडू, बरी आहेस ना?"

कॉलेजची तार कधीच तुटली होती. त्यांनी ते सगळे जुने प्रश्न मशीनमध्येच भरून ठेवले होते आणि मशीन ते आपलं आपण विचारत होतं. प्रश्न ऐकताच सरांनी डाव्या हातानं बटण दाबलं, लगेच. पडद्यावर काही नाही. काही नाही. मग टिंब.

"बघितलं?" ते म्हणाले. "मी कधी दाबलं आन ते कधी आलं? ते बोलून झाल्यावर जरा अडखळतं, मगच टिंब सोडतं. जुनं झालंय. मी तिच्या बाजूनं कधी बसून बघितलंच न्हाई, मॅडम. तो उशीर मशीनचा हुता. ती लगेच दाबत हुती." त्यांनी बटण पुन्हा दाबलं. "सगळा वेळ. लगेच. आन मी म्हनायचो, इचार करती, पयल्यापासून हळूच हाय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना तो कळलाही नसावा. ते पडद्याकडेच बघत होते.

"आता हे बघा," ते म्हणाले. "ती जुनी ओळ परत घातलीय. त्या दिवशीची."

मशीन गप्प बसल्यावर आपोआप टिंब टाकणारी ती ओळ. मला एकदम नको झालं. "सर, राहू द्या," मी म्हणाले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर कोंबड्या कुठंतरी ओरडत होत्या. स्पीकर बोलला, "इंडू, बरी आहेस ना?" सर हलले नाहीत. काही नाही. काही नाही. मग, जरा उशिरानं, टिंब.

"मी काय बी केलं न्हाई," सर म्हणाले. "आता मी तिकडं लॅबमधी असतो, तर चहाला गेलो असतो."

पुष्पानं चहा आणला होता, तो कोणी घेतला नाही. थोड्या वेळानं मी उठले आणि "येते सर" म्हणाले. स्पीकर पुन्हा बोलायला लागला होता.

अंगणात येऊन मी चपला घातल्या आणि खिडकीतून आत पाहिलं. सरांचा डावा हात बटणाच्या वर, हवेत धरलेला होता. मी वाट बघितली. हात काही खाली आला नाही. पडद्यावर टिंब आलं.